ब्रेस्ट कॅन्सरची केमो: त्रास कसा सांभाळायचा आणि मधे गॅप पडली तर काय करायचं

ताईच्या तिसऱ्या केमोला आम्ही पहाटेची गाडी पकडून गेलो, रक्त दिलं, रिपोर्टची वाट बघत बसलो आणि अकराच्या सुमारास डॉक्टर म्हणाले आज केमो द्यायची नाही, पुढच्या आठवड्यात या. परतीच्या रस्त्यात ताई एक शब्द बोलली नाही. तिला वाटलं औषध लागू पडत नाही म्हणून थांबवलं. खरं कारण वेगळंच होतं, तिचं तोंड आलेलं, पाच दिवस धड जेवण नाही, वजन अडीच किलो उतरलेलं, रक्तातल्या पेशींचा काउंट खाली, आणि यातलं काहीही आम्ही हॉस्पिटलला कळवलं नव्हतं. का, तर केमो म्हटलं की एवढं व्हायचंच असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललेलं.

तर हे सगळं लिहिण्यामागं कारण तेच आहे. केमोत पडणाऱ्या बऱ्याचशा गॅप टाळता येतात, त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी सांगितला तर. आणि जी गॅप टाळता येत नाही ती डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवलेली असावी, आपण घरात बसून ठरवलेली नसावी. मी डॉक्टर नाही, ताईबरोबर सगळ्या केमोंना गेलेली धाकटी बहीण आहे, त्यामुळं इथं दिलेलं सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारून करा.

पहिल्या केमोच्या आधी

सगळ्यात आधी आपली केमो कोणती आहे ते नीट लिहून घ्या. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये खूप जणींना एसी आणि मग टॅक्सॉल असा कोर्स असतो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड दर २१ दिवसांनी (काही ठिकाणी दर १४ दिवसांनी) असं ४ वेळा, त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला १२ वेळा. डॉक्सोरुबिसिन म्हणजेच ते लाल औषध, ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, घाबरू नका. हे औषध हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. हिपॅटायटिस बी ची टेस्ट झाली का तेही विचारा, कारण जुना इन्फेक्शनचा अंश असेल तर केमोत तो परत उसळी मारू शकतो. दात किडलेला असेल तर पहिल्या केमोच्या आधीच दाखवून घ्या, नंतर काउंट पडलेला असताना दात काढणं अवघड होऊन बसतं.

घरात तीन गोष्टी हव्यातच. चालू असलेला डिजिटल थर्मामीटर, एक दोनशे पानी वही, आणि हॉस्पिटलचा असा फोन नंबर की जो रात्री दोन वाजता लावला तरी कुणीतरी उचलेल. हा नंबर मागून घ्यायला लाजू नका. नुसता ओपीडीचा नंबर रात्री उपयोगाचा नाही. तालुक्याच्या गावात राहत असाल तर रात्री ताप आला तर जवळच्या कुठल्या हॉस्पिटलला जायचं तेही पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

शिरा बारीक असतील तर पोर्ट (कातडीखाली बसवलेली छोटी डबी) किंवा पिक लाइनबद्दल (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी) विचारा. लाल औषध शिरेच्या बाहेर गेलं तर कातडी आणि आतलं मांस जळतं. त्यामुळं सुई लावलेल्या जागी आग व्हायला लागली, सुजलं, तर सिस्टर कितीही गडबडीत असू देत, लगेच हाक मारा. ताईसारखी मुकाट सहन करणारी बाई असेल तर शेजारी बसलेल्यानं दर थोड्या वेळानं विचारत राहायचं.

वही कशी ठेवायची

केमोचा दिवस म्हणजे पहिला दिवस, तिथून मोजायचं. रोज सकाळ-संध्याकाळ ताप, उलट्या किती, संडासला किती वेळा, तोंड कसं आहे, किती खाल्लं-प्यायलं, आणि आठवड्यातून दोनदा वजन. बस एवढंच. दोन सायकल (एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंत एक सायकल) झाल्या की पॅटर्न दिसायला लागतो. ताईचं असं व्हायचं की दुसरा ते चौथा दिवस मळमळ, सहाव्या-सातव्याला तोंड यायचं, दहाव्या दिवसाच्या आसपास एकदम गळून जायची आणि पंधराव्यापासून माणसात यायची. हे कळल्यावर आम्ही पाहुण्यांना सोळाव्या दिवसानंतरच या म्हणायला लागलो. डॉक्टरांनाही ही वही बघून खूप काही कळतं, नाहीतर तीन आठवड्यांनी "कसं होतं?" विचारलं की प्रत्येक बाई "ठीक होतं" म्हणते.

ताप, इथं अजिबात वेळ घालवायचा नाही

साधारण ७व्या ते १४व्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. या काळात शरीराकडं जंतूंशी लढायला सैन्यच नसतं, त्यामुळं पू होत नाही, लाली येत नाही, बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण असते. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस झालं की फोन करायचा आणि निघायचं. सकाळपर्यंत बघू असं करायचं नाही. अंगात हुडहुडी भरली, चक्कर येतेय, लघवी कमी झाली, पेशंट असंबद्ध बडबडतोय, तर ताप नसला तरी निघायचं. कारण अशा वेळी पहिलं अँटिबायोटिक हॉस्पिटलला पोचल्यापासून तासाभरात शिरेतून सुरू व्हायला पाहिजे असतं, आणि काही तासांच्या उशिरानं खरंच जीव जाऊ शकतो.

एक चूक घराघरात होते. अंग दुखतंय, कणकण आहे, म्हणून आधी पॅरासिटामॉल देतात आणि मग ताप मोजतात. असं केलं की ताप झाकला जातो. आधी मोजा, लिहा, फोन करा, मग गोळी. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायचं, "ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे, ताप इतका आहे." नुसतं ताप आलाय म्हटलं तर रांगेत बसवतील.

काउंटचा रिपोर्ट वाचायला शिकून घ्या, अवघड नाही. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची (जंतूंशी लढणाऱ्या मुख्य पांढऱ्या पेशींची) टक्केवारी. समजा एकूण २४०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, तर झाले ९६०. तीन आठवड्यांच्या केमोला साधारण १५०० च्या वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर असावे लागतात, आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलला बरेच डॉक्टर १००० वरही देतात. ५०० च्या खाली म्हणजे फार जपायची वेळ.

काउंट वाढवायचं इंजेक्शन केमो संपल्यावर किमान २४ तासांनी घ्यायचं असतं, त्याच दिवशी संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांकडून उरकून घ्यायचं नाही. त्यानं हाडं भयंकर दुखतात, कंबर, मांड्या, छाती. ताई रडली होती पहिल्यांदा. ते दुखणं म्हणजे आत पेशी तयार होतायत, दोन-तीन दिवसांत जातं, ताप मोजून पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका.

मळमळ, तोंड, पोट

उलटीच्या गोळ्या उलटी व्हायची वाट न बघता घ्यायच्या, जशा लिहून दिल्यात तशा. एसी ही जास्त उलट्या आणणारी केमो आहे, तिला एका गोळीनं भागत नाही, साधारण तीन-चार औषधं मिळून देतात. त्यातली ओलान्झापिन नावाची गोळी रात्री देतात, फार चांगली चालते पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी बहुतेक ब्रेस्ट कॅन्सरच्याच बायकांवर अभ्यास करून २०२४ मध्ये दाखवलं की अडीच मिलिग्रॅमचा डोस दहा मिलिग्रॅमइतकाच काम करतो आणि गुंगी कमी येते. त्यामुळं झोपच झोप येत असेल तर गोळी गुपचूप बंद करू नका, डोस कमी होईल का विचारा. डेक्सामेथासोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर घ्या, संध्याकाळी घेतल्या तर रात्रभर टक्क जागं राहायला होतं. डायबेटिस असेल तर त्या दिवसांत साखर चढते, मोजत राहा.

ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीनं संडासला खडा होतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवस साफ नाही झालं आणि नंतर जोर करून मूळव्याधीसारखी जखम, काउंट पडलेला असताना ती जखम धोक्याची. म्हणून पहिल्या दिवसापासूनच रेचक सिरप विचारून घ्या, पाणी भरपूर, पपई-अंजीर चालतं. एनिमा मात्र नाही.

जुलाब झाले तर मोजा. रोजच्यापेक्षा चार किंवा त्याहून जास्त वेळा, किंवा रात्री उठून जावं लागतंय, तर फोन. ओआरएस सुरू करा, मऊ भात, ताजं ताक, पेज, केळं. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी विचारूनच, आणि ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर घरी काहीच करत बसू नका.

तोंड येणं. यानंच आमची तिसरी केमो पुढं गेली म्हणून जरा जास्त सांगते. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा, खाल्ल्यावर आणि झोपताना, दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरायची, तोंड यायच्या आधीपासून, पहिल्याच दिवसापासून. लहान मुलांचा मऊ ब्रश. अल्कोहोलवाला माउथवॉश बंद, चुना-तंबाखू-मिश्री बंद (मिश्री लावणाऱ्या आपल्याकडं अजून खूप आहेत, त्यांनी तर आजच सोडावी). लाल औषध चालू असताना बर्फ चघळायला आम्हाला चौथ्या वेळी सिस्टरनी सांगितलं, ताईला फरक वाटला. जखमा झाल्याच तर बधिर करणारं जेल जेवणाआधी लावायचं, आणि जिभेवर पांढरा थर दिसला तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, त्याचं औषध वेगळं असतं, फोटो काढून पाठवा. खायला काय, तर गार केलेलं मुगाचं कढण, नाचणीची आंबील, दूधभात, उकडलेलं अंडं कुस्करून, खिमट. तिखट भाकरी-ठेचा आठवून ताईच्या डोळ्यात पाणी यायचं, पण पंधराव्या दिवसानंतर जरासं दिलं तर चाललं.

टॅक्सॉल सुरू झाल्यावर

लोक म्हणतात टॅक्सॉल सोपं जातं. उलट्यांच्या बाबतीत खरं आहे. पहिल्या एक-दोन डोसांत सुरुवातीच्या काही मिनिटांत रिॲक्शन येऊ शकते, छाती भरल्यासारखी, चेहरा लाल, पाठीत कळ, तेव्हा लगेच सांगायचं, म्हणूनच आधी ॲलर्जीची इंजेक्शनं देतात. टॅक्सॉलऐवजी डोसेटॅक्सेल असेल तर डेक्सामेथासोनच्या गोळ्या आदल्या दिवसापासून सुरू करायच्या असतात, त्या विसरल्या तर केमोच्या आधी सांगून टाका, लपवू नका.

खरा प्रॉब्लेम मुंग्यांचा. हाताची-पायाची बोटं बधीर होतात आणि हे डोसागणिक वाढत जातं. ताईनं आठव्या डोसपर्यंत काही सांगितलं नाही. मला कळलं ते साडीची पिन लावायला तिनं मला हाक मारली तेव्हा, आणि मग लक्षात आलं की चपला पायातून निसटतात तरी तिला कळत नाही. रक्ताच्या टेस्टमध्ये हे दिसत नाही, सांगितलं तरच कळतं. म्हणून दर आठवड्याला बघा, बटण लागतं का, नाणं उचलता येतं का, सुईत दोरा ओवता येतो का, गार फरशी पायाला कळते का. यातलं काही जमेना झालं तर डॉक्टर डोस कमी करतात, एखादा आठवडा थांबतात किंवा औषध बदलतात. हे वेळेवर झालं तर पुष्कळसं भरून येतं, दामटून पुढं नेलं तर कायमचं राहू शकतं. जळजळ-दुखणं असेल तर डुलॉक्सेटिन नावाची गोळी आहे. व्हिटॅमिनच्या गोळ्या मनानं खाऊ नका, बी ६ जास्त झालं तर उलट त्यानंच नसांना इजा होते. घरात अनवाणी फिरू नका, गरम तवा-कुकर दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या, आंघोळीचं पाणी कोपरानं तपासा.

उपास आणि काढे

यावर घरात भांडणं होतात म्हणून लिहितेच. काउंट पडलेल्या दिवसांत नवरात्राचे नऊ दिवस किंवा निर्जळी एकादशी करू नका. आमच्या आईनं ताईच्या वाटचे उपास स्वतः केले, तसंही चालतं. गुळवेलाचा काढा, पपईच्या पानांचा रस, गव्हांकुराचा कच्चा रस, "कॅन्सरवर रामबाण" म्हणून कुणीतरी आणून दिलेल्या पुड्या, हे केमो चालू असताना नको. गुळवेलामुळं लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवल्यात, आणि लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की केमो थांबते किंवा डोस कमी होतो. आणून देणाऱ्यांचा जीव तुटत असतो हे खरंय, त्यांना सांगायचं की नाचणीचं पीठ दळून आणा, एक दिवस हॉस्पिटलला सोबत या.

गॅप पडली तर

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशनच्या आधीची किंवा नंतरची केमो, म्हणजे आजार पूर्ण बरा करायच्या हेतूनं चाललेली असेल, तर वेळापत्रकाला महत्त्व आहे. इटलीत मिलानला सीएमएफ नावाच्या जुन्या केमोचा २० वर्षांचा पाठपुरावा १९९५ मध्ये छापून आला, त्यात ठरलेल्या डोसच्या किमान ८५ टक्के डोस ज्यांना मिळाला त्यांनाच नीट फायदा झालेला दिसला. म्हणून डॉक्टर उगाच तारखा हलवू देत नाहीत. पण याचा अर्थ एक आठवडा पुढं गेला म्हणजे सगळं पाण्यात गेलं असा नाही. काउंट भरायला, ताप उतरायला, तोंड बरं व्हायला घेतलेला आठवडा हा ट्रीटमेंटचाच भाग आहे. पडलेल्या काउंटवर केमो घेतली तर पुढचे तीन आठवडे ॲडमिट होण्यात जातील आणि गॅप मोठीच होईल.

घातक असते ती न सांगता घेतलेली गॅप. "बरं वाटतंय, गाठ हाताला लागत नाही" म्हणून, पेरणी आली म्हणून, पैसे संपले म्हणून, गावाला लग्न आहे म्हणून बायका एक सायकल सोडतात आणि मग लाजेनं किंवा डॉक्टर ओरडतील या भीतीनं दोन-तीन महिने जातच नाहीत. गेलं असेल कुणाचं असं, तर उद्या जा. ओरडा बसला तर बसू दे, पण जा.

तारीख बदलायचीच असेल तर आधी विचारा. ताईच्या नातवाच्या बारशाला आम्ही तीन आठवडे आधी डॉक्टरांना तारीख सांगितली, त्यांनी एक केमो चार दिवस पुढं नेली आणि बारसं सतराव्या दिवशी बसवलं. गणपती, दिवाळीचंही असंच, कॅलेंडर घेऊन बसा. पैशाची अडचण असेल तर तीसुद्धा तोंडानं सांगा, हॉस्पिटलचे समाजसेवक असतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र असतात. योजनेतून केमो चालू असेल तर तारीख बदलल्याचं आरोग्यमित्राच्या कानावर त्याच दिवशी घाला.

केमो पुढं ढकलली की तिथंच एवढं विचारून घ्या: नक्की कशामुळं ढकलली, परत रक्त कधी तपासायचं, पुढच्या वेळी डोस तोच राहणार की कमी होणार, आणि हे परत होऊ नये म्हणून काउंटचं इंजेक्शन किंवा आणखी काही द्यायचं का. आम्ही पहिल्यांदा यातलं काहीच विचारलं नाही म्हणून ताई रस्ताभर गप्प होती.

कॅन्सर हर टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर टू नावाचं प्रोटीन जास्त असलेला) असेल आणि त्यावरचं ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी चालू असेल तर तिथं वेगळा नियम आहे. डोस एक आठवड्यापेक्षा जास्त चुकला तर पहिल्या वेळेसारखा मोठा डोस परत द्यावा लागतो, म्हणून गॅप किती दिवसांची ते अचूक सांगा. त्याला साधारण तीन महिन्यांनी इको असतो, हृदयाचं पंपिंग बरंच कमी दिसलं तर निदान ४ आठवडे थांबवून परत इको करतात, ही गॅप डॉक्टरांची असते आणि ती पाळायचीच.

आजार पसरलेला असेल, चौथ्या स्टेजचा, तर हिशोब वेगळा. तिथं केमो अनेक महिने चालते, आजार आटोक्यात असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवून विश्रांती घेता येते, किंवा हार्मोनची गोळी लागू असेल तर केमो थांबवून तिच्यावर जाता येतं. "मला थोडं थांबायचंय" म्हणणं म्हणजे हार मानणं नाही. फक्त परत स्कॅन कधी आणि कशावरून परत सुरू करायचं हे आधी ठरवून घ्या.

केमोच्या गोळ्या असतील तर

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरीच घ्यायच्या असतात, साधारण १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी, जेवणानंतर अर्ध्या तासात, दिवसातून दोनदा. इथं ब्रेक कधी घ्यायचा हे आपल्यालाच ओळखावं लागतं, म्हणून नियम पाठ पाहिजे. चार-सहा जुलाब जास्त, तोंड आल्यामुळं खाता येईना, किंवा तळहात-तळपाय लाल होऊन सुजले, दुखायला लागले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा. "एवढी स्ट्रिप संपवते" असं करू नका. राहिलेल्या गोळ्या नंतर डबल घ्यायच्या नाहीत, त्या गेल्या त्या गेल्या. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर आधीच सांगा. सकाळी-रात्री युरियाचं क्रीम लावा, घट्ट चपला, गरम पाण्यात कपडे-भांडी टाळा. दिल्लीच्या एम्सच्या २०२४ च्या अभ्यासात डायक्लोफिनॅकचं साधं जेल हाताला दोन वेळा लावल्यानं हातांचा त्रास बऱ्यापैकी कमी झाला, मध्यम ते तीव्र त्रास १५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आला. गोळी वेगळी आणि वरून लावायचं जेल वेगळं, विचारून सुरू करा.

आणि एक, या गोळ्यांनी बोटांचे ठसे पुसट होतात. आमच्या वॉर्डात भेटलेल्या एका मावशींचा रेशन दुकानात अंगठाच लागेना, तीन चकरा झाल्या. गोळ्या सुरू व्हायच्या आधी आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे ना बघून घ्या म्हणजे ओटीपीनं काम होतं, नाहीतर डोळ्यांच्या स्कॅनचं मशीन कुठं आहे ते विचारा. आणि डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घेऊन पर्समध्ये ठेवा की या बाईंची केमो चालू आहे आणि त्यामुळं ठसे उमटत नाहीत.